इन्क्वायरीवाली शाळा पुण्यात कशी निवडायची आणि ॲडमिशननंतर घरी काय करायचं

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या बस स्टॉपवर दरवर्षी कोणीतरी नवी आई नाहीतर नवा बाबा मला बाजूला घेऊन विचारतोच, "ते आयबी आयबी म्हणतात ते खरंच चांगलं असतं का हो, की नुसताच शो?" म्हणजे त्या इन्क्वायरीवाल्या शाळा, जिथे मुलांच्या प्रश्नांवरून शिकवणं पुढे जातं. माझी लेक आता पाचवीत आहे, म्हणजे पीवायपीच्या, आयबीच्या लहान मुलांच्या टप्प्याच्या, शेवटच्या वर्षाला. ती सिनियर केजीत असताना आम्ही बावधनपासून खराडीपर्यंत अकरा शाळा पालथ्या घातल्या, त्यात दोन वेळा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून अपॉइंटमेंटच चुकली. त्यामुळे मला जे कळलंय ते सगळं एका जागी लिहून काढतेय. मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे काही नाही, पालक आहे, आणि सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका आहेत, त्यामुळे आमच्या घरात या विषयावर भांडणं पुष्कळ झालीत.

आधी पाटी वाचायला शिका

"इंटरनॅशनल" हा शब्द कुणीही लावतं, आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवर पण आहे. तेव्हा गेटवरची पाटी बघून काही ठरवू नका. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. कारण साधं होतं, बदलीमुळे देशोदेशी फिरणाऱ्या लोकांच्या मुलांना असं एक सर्टिफिकेट हवं होतं जे वेगवेगळ्या देशातल्या युनिव्हर्सिटीज मान्य करतील. म्हणून सगळ्यात आधी अकरावी-बारावीचा डिप्लोमा आला, ज्याला सगळे डीपी म्हणतात. मग १९९४ ला मधल्या वर्गांसाठी एमवायपी आणि १९९७ ला लहान मुलांसाठी पीवायपी. पीवायपी तीन ते बारा वर्षं, एमवायपी अकरा ते सोळा, डीपी सोळा ते एकोणीस असा साधारण हिशोब. पुण्याला हे अगदी नवीन नाही, मुळशीकडच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये १९९७ पासून डीपी शिकवतात, आपल्याला ते कळायला आयटीवाले यावे लागले इतकंच.

केंब्रिज हे इंग्लंडचं बोर्ड, ते वेगळं. आयजीसीएसई म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा, त्याला विषयवार सिलॅबस असतो, पुस्तकं असतात. पीवायपीत ठरलेलं पाठ्यपुस्तकच नसतं, एक चौकट असते आणि त्यात काय भरायचं ते शाळेतले शिक्षक बसून ठरवतात. ही गोष्ट नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे. शिक्षक चांगला असेल तर सोनं, नसेल तर पुस्तकाचा आधार पण नाही.

आता करायचं काय तर घरी बसून आयबीच्या साइटवर शाळेचं नाव शोधायचं. तिथे शाळा ऑथराइज्ड आहे का आणि कुठल्या प्रोग्रॅमसाठी आहे ते दिसतं. काही शाळा "कॅन्डिडेट" असतात, म्हणजे अजून मान्यतेच्या वाटेवर आहेत. त्यात वाईट काही नाही, प्रत्येक शाळा त्यातून जातेच, पण ब्रोशरवर तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. आम्हाला एका ठिकाणी काउन्सिलर मॅडमनी पाऊण तास आयबी आयबी ऐकवलं आणि शेवटी विचारल्यावर कळलं की नुसता अर्ज केलाय. आणि दुसरं, पीवायपी आहे म्हणजे पुढे एमवायपी असेलच असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी पाचवीनंतर गाडी केंब्रिजकडे वळते आणि अकरावीला परत डीपी. चालतं तेही, पण आधी माहीत असलेलं बरं.

आत नेमकं चालतं काय

इथे सगळे गोंधळतात म्हणून एक युनिट सविस्तर सांगते, मग ब्रोशरमधली भाषा आपोआप कळेल.

पीवायपीत सहा मोठे विषयसूत्र असतात: आपण कोण आहोत, आपण कुठल्या जागी आणि काळात आहोत, आपण व्यक्त कसे होतो, जग कसं चालतं, आपण आपली व्यवस्था कशी लावतो, आणि ही पृथ्वी सगळ्यांत वाटून कशी घ्यायची. पहिलीच्या पुढे साधारणपणे वर्षाला प्रत्येक सूत्रावर एक असे सहा युनिट होतात, एकेक पाच-सहा आठवडे चालतो. गणित, भाषा, सायन्स, भूगोल जमेल तितकं त्यातच गुंफायचं असतं.

लेक चौथीत होती तेव्हा पाण्याचा युनिट होता. पहिल्या दिवशी टीचरनी काहीही शिकवलं नाही, फक्त एक भरलेला ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हे इथवर कसं आलं, तुम्हाला काय वाटतं ते काढा. मुलांनी चित्रं काढली, निम्म्या मुलांच्या चित्रात पाणी थेट बिसलरीच्या जारमधून येत होतं (हसू नका, तुमच्या मुलाला विचारून बघा). मग मुलांचे प्रश्न भिंतीवर लागले. एकाने विचारलं की खडकवासला एवढं जवळ आहे तर आमच्या सोसायटीत टँकर का येतो? झालं, पाच आठवडे वर्ग त्या एका प्रश्नावर धावला.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं नकाशावर शोधली, कुठलं वर आहे कुठलं खाली, पाणी कुठून कुठे सोडतात ते बघितलं. टँकरवाल्या दादांची मुलाखत झाली, त्यांनी पोरांना सांगितलं की टँकर दहा हजार लिटरचा असतो. मग गणिताच्या तासाला हिशोब, एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, आमच्या सोसायटीत १२० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे ४८० गुणिले १३५, आले ६४,८०० लिटर, म्हणजे जवळजवळ साडेसहा टँकर रोजचे. लेकीने हा गुणाकार तीन वेळा केला, दोनदा चुकला, आणि मला पहिल्यांदा असं दिसलं की ती उत्तर बरोबर यावं म्हणून धडपडतेय, टीचर ओरडतील म्हणून नव्हे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं किती टँकर लागतात.

मग जुनं पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळातून पाणी शहरात आणलं होतं, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर, आणि ते पेठांमधल्या हौदांत पडायचं. पोरांनी वाळूच्या पेटीत पाइप टाकून उतार किती ठेवला तर पाणी वाहतं ते करून बघितलं. इथे जग कसं चालतं आणि इतिहास दोन्ही झालं, कुणीही "धडा तिसरा" म्हटलं नाही.

आणि मग गृहपाठ आला की घरातल्या मोठ्या माणसाला पाण्याबद्दलची एक आठवण विचारून या. तोपर्यंत आमच्या सासूबाई या सगळ्याला "खेळ चाललाय पैसे देऊन" म्हणत होत्या. लेक वही घेऊन त्यांच्यासमोर बसली, "आजी, तू सांग ना," आणि त्या एकदम १२ जुलै १९६१ वर गेल्या, पानशेत फुटलं तो दिवस. त्या आठ वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत राहायच्या. वडिलांनी खांद्यावर घेऊन पळवलं, परत आले तेव्हा घरात छातीएवढा गाळ. हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत कधी असं सलग सांगितलं नव्हतं. दीड तास चाललं. लेकीने शेवटी विचारलं, "धरण बांधून पूर्ण झालं नव्हतं तरी पाणी का भरलं?" आणि आजी म्हणाल्या, "हा प्रश्न तेव्हा सगळ्या पुण्याने विचारला गं." दुसऱ्या दिवसापासून त्यांचा खेळ हा शब्द बंद झाला.

शेवटी "ॲक्शन" म्हणून एक गोष्ट असते, म्हणजे जे कळलं त्याचं पुढे काय करणार. ते मुलांनी ठरवायचं. आमच्या वर्गातल्या चार मुलींनी आपापल्या घरातल्या आरओचं फुकट जाणारं पाणी आठवडाभर बादलीत धरून मोजलं आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डवर आकडे लावले. सेक्रेटरी काकांनी दोन दिवसांत कागद काढला, परवानगी घेतली नव्हती म्हणे. मग पोरींनी रीतसर अर्ज लिहिला. मला तर वाटतं खरं शिक्षण त्या अर्जात झालं.

हे असं असतं. युनिटची एक मध्यवर्ती कल्पना असते, त्याखाली शोधाच्या काही दिशा, आणि मुलांच्या प्रश्नांनी ते पुढे सरकतं. बाकी ब्रोशरमध्ये "लर्नर प्रोफाइल" म्हणून दहा गुण दिलेले असतात, विचारी, संवाद साधणारा, तत्त्वनिष्ठ, धाडसी वगैरे. मुलं ते शब्द इतके पाठ करतात की आमची लेक पाणीपुरीवाल्याकडे तिखट मागताना "आय ॲम अ रिस्कटेकर" म्हणते. चालायचंच.

शाळा बघायला जाल तेव्हा

स्विमिंग पूल, एसी, इटालियन मार्बल, हे सगळं ते दाखवणारच, बघून घ्या आणि विसरा. आपण भिंती बघायच्या. एका नावाजलेल्या शाळेत आम्हाला वर्गाच्या भिंतीवर चोवीस फुलपाखरं दिसली, चोवीसच्या चोवीस एकसारखी, तेच रंग, त्याच जागी ठिपके. छान होती दिसायला. पण तिथे एकाही मुलाचा स्वतःचा प्रश्न लागलेला नव्हता आणि चुकीचं स्पेलिंग तर शोधूनही सापडलं नाही, म्हणजे सगळं टीचरने नाहीतर मुलांच्या आयांनी केलेलं. ज्या शाळेत शेवटी घातलं तिथे भिंतीवर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "मुंगी झोपते का?" आणि खाली दुसऱ्या मुलाने, "मी रात्री बघितलं, नाही झोपली." मी नवऱ्याला तिथेच कोपराने ढोसलं.

काउन्सिलरशी कमी बोला, पीवायपी को-ऑर्डिनेटरला भेटायचंय असं सांगा. ही व्यक्ती प्रत्येक पीवायपी शाळेत असते, नसेल किंवा "मॅडम बिझी आहेत" असं तीनदा झालं तर काय समजायचं ते समजा. त्यांना विचारा की मागच्या वर्षी एखादा युनिट ठरल्यापेक्षा वेगळ्या दिशेला गेला का, कुठल्या मुलाच्या प्रश्नामुळे गेला. खरं काम करणारी बाई या प्रश्नावर खुलते, थांबवावं लागतं तिला. नुसती पाटी असेल तर "वी फॉलो ग्लोबल बेस्ट प्रॅक्टिसेस" असं काहीतरी येतं.

टीचर किती वर्षं टिकतात हे विचाराच, मघाशी म्हटलं ना, पुस्तक नाही तर सगळा भार त्यांच्यावर. वर्षात तीन क्लास टीचर बदलल्या तर इन्क्वायरी जाऊ द्या, पोराला टीचरचं नाव लक्षात राहणार नाही. वर्गात किती मुलं, सोबत असिस्टंट टीचर आहे का, लायब्ररीतून पुस्तक घरी नेता येतं का (काही ठिकाणी लायब्ररी फक्त फोटोपुरती), हे पण. आणि फिरताना एखादं मूल दिसलं तर वाकून विचारा, "तू आत्ता काय शोधतोयस?" पाच वर्षांचं पोर पण सांगू शकतं. आम्हाला एकाने सांगितलं की गांडूळ कुठल्या बाजूने चालतं ते, आणि अजून कळलं नाहीये, उद्या परत बघणार आहे.

मराठीचं विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलंय, तेव्हा "आमच्याकडे फ्रेंच आहे" हे उत्तर नाही. आठवड्याला किती तास, कोण शिकवतं, युनिटमध्ये मराठीचा काही संबंध येतो का ते बघा. आमच्याकडे पाण्याच्या युनिटमध्ये मराठीच्या बाईंनी पाण्यावरच्या म्हणी गोळा करायला लावल्या, लेकीने चौदा आणल्या, त्यातल्या अकरा आजीच्या.

मग फायदा काय, खरं खरं

लेक प्रश्न विचारायला घाबरत नाही, हा पहिला आणि सगळ्यात मोठा. मला कॉलेजात सुद्धा हात वर करायला घाम फुटायचा. डॉक्टरांकडे गेल्यावर ती स्वतः विचारते की हे औषध कशासाठी. दुसरं म्हणजे तिला "मला माहीत नाही" म्हणायची लाज वाटत नाही, त्याच्यापुढे "बघून सांगते" असतं. माहिती कुठून आली हे विचारायची सवय लागलीय, मामाने फॅमिली ग्रुपवर काही फॉरवर्ड केलं की ही म्हणते मामा सोर्स काय, मामा हल्ली जपून असतो. चार जणांत काम करायचं, एक जण काहीच करत नाही तरी भांडण न करता पुढे न्यायचं, लोकांसमोर उभं राहून बोलायचं, हे सगळं पाचवीपर्यंत इतक्या वेळा होतं की अंगवळणी पडतं.

पाचवीला एक्झिबिशन असतं. मुलांचा एक गट स्वतः विषय निवडतो, बरेच आठवडे त्यावर काम करतो, लोकांना भेटतो, आणि मग सगळ्यांसमोर मांडतो. लेकीच्या गटाने कचरा घेतलाय. त्या निमित्ताने 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या कचरावेचक ताईंशी बोलून आल्या, आल्यावर लेक म्हणाली, "आई, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून द्यायचं असतं, आपण देत नाही." पुस्तकात हे वाचून तिने मला सांगितलं असतं का, शंका आहे.

आता दुसरी बाजू. अक्षर वाईट आहे. पाढे शाळेत समजून घेतात पण पाठ करून घेत नाहीत, चौथीपर्यंत आमची सात-आठे बोटांवर होती. आजींना पावकी-निमकी येते, त्यांचा जीव तुटायचा, शेवटी त्यांनीच रोज संध्याकाळी दिवेलागणीला दहा मिनिटं पाढे सुरू केले आणि वर्षभरात झालं. म्हणजे काय तर सरावाचा भाग घरी धरावा लागतो, शाळेवर चिडून उपयोग नाही. अतिशय लाजरं किंवा ठरलेल्या वेळापत्रकात रमणारं मूल असेल तर सुरुवातीला त्याला हा मोकळेपणा अंगावर येतो, वेळ द्या. आणि तुम्हाला पहिला नंबर, दुसरा नंबर ऐकायची हौस असेल तर इथे ती भागणार नाही. रिपोर्टमध्ये "डेव्हलपिंग" असं आलं की माझ्या नवऱ्याला पहिल्या वर्षी वाटलं पोरगी नापास झाली. तसं नसतं, शिकतेय अजून इतकाच अर्थ, खालचा टीचरचा परिच्छेद नीट वाचायचा, खरं तिथे असतं.

पैसे आणि दहावी-बारावी

फी लाखांत असते, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि ती दरवर्षी वाढते. तेव्हा आज परवडते का असं न विचारता मूल बारावी होईपर्यंत परवडेल का हा हिशोब मांडा, दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर किती महिने, हे पण. बस, डबा, युनिफॉर्म, ट्रिप, लॅपटॉप, परीक्षा फी यातलं आत काय आणि बाहेर काय ते लेखी घ्या. महाराष्ट्रात फी नियमनाचा २०११ चा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फी ठेवावी लागते, ती समिती शाळेत आहे का आणि त्यात पालक कोण आहेत ते विचारा. भुवया उंचावल्या तर उंचावू देत.

पुढचं थोडक्यात सांगते कारण मी अजून तिथवर पोचले नाहीये. डीपीला सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीचे, प्रत्येकाला सातपैकी मार्क, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक निबंध आणि ज्ञान म्हणजे काय यावरचा एक कोर्स, या दोन्हींचे मिळून तीन, असे सगळे ४५ पैकी; समाजकाम-खेळ-कला असाही एक भाग असतो, त्याला मार्क नसतात पण तो करावाच लागतो. भारतीय विद्यापीठ संघ डीपीला बारावीच्या बरोबरीचं मानतो, म्हणजे इथल्या कॉलेजात जाता येतं. पण विषय निवडताना चूक झाली तर इंजिनिअरिंग-मेडिकलचे दरवाजे अडकतात आणि मे महिन्याच्या परीक्षेचा रिझल्ट जुलैच्या सुरुवातीला लागतो, त्यामुळे इथल्या प्रवेशाच्या तारखांशी ओढाताण होते. जेईई-नीट हेच डोक्यात असेल तर आठवी-नववीच्या सुमाराला परत विचार करा, बरेच जण तिथे बोर्ड बदलतात आणि त्यात कमीपणा काही नाही. एमवायपी करून दहावीनंतर बाहेर पडायचं असेल तर शाळेकडून कुठलं सर्टिफिकेट मिळणार आणि ते अकरावीच्या प्रवेशाला कसं धरतात हे आधीच लेखी विचारून ठेवा.

ॲडमिशन झाली, आता घरी

याच्याबद्दल कुणीच सांगत नाही आणि निम्मं काम इथेच आहे. शाळा पोराला सहा तास प्रश्न विचारायला शिकवते आणि घरी आल्यावर आपण म्हणतो "आगाऊपणा करू नकोस, जेव गपचूप." मग फी कशाला भरली?

पोराने काही विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. अवघड आहे, मला तर फारच, कारण आपल्याला येतंय ते सांगायची खुमखुमी असते. आधी म्हणायचं "तुला काय वाटतं?" ती काहीतरी सांगेल, चुकीचं असेल, दुरुस्त करायचं नाही. मग "आपल्याला कसं कळेल?" इथे फोन हातात घ्यायचा नाही, आधी करून बघता येईल का, कुणाला विचारता येईल का, घरात पुस्तक आहे का, आणि सगळ्यात शेवटी गूगल. एकदा ती म्हणाली भाकरी फुगते आणि थालीपीठ का नाही. मी गप्प बसले. तीन संध्याकाळी तिने भाकरीला भोक पाडून बघितलं, पोळी फुगते ते बघितलं, थालीपीठ बिनभोकाचं लावून बघितलं, आणि वाफ कोंडली की फुगतं हे स्वतः काढलं. तीन दिवस जेवायला उशीर झाला, नवऱ्याची चिडचिड झाली, पण त्यानेही बिनभोकाचं थालीपीठ खाल्लं.

रोज "आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" हेच येतं, सगळ्यांकडे. त्याऐवजी आज कुणी भारी प्रश्न विचारला, असं विचारा. एक स्वस्तातली वही फक्त प्रश्नांसाठी फ्रिजवर ठेवा, त्यात उत्तरं लिहायची सक्ती नाही.

प्रोजेक्ट तुम्ही करू नका. हे मी स्वतःला सांगतेय. पहिल्या वर्षी मी रात्री साडेअकराला थर्माकोल कापत बसले होते, आणि वर्गात नेल्यावर टीचर शांतपणे म्हणाल्या, "हे छान आहे, पण हिचं कुठंय?" तेव्हापासून वाकडं तर वाकडं. सामान आणून द्या, अप्पा बळवंत चौकात घेऊन जा, बस.

वर्षातून एकदा मूलच तुम्हाला आपलं काम दाखवतं, त्याला स्टुडंट-लेड कॉन्फरन्स म्हणतात. त्या वीस मिनिटांत फोन सायलेंट, "हे स्पेलिंग बघ" म्हणायचं नाही, शेजारच्या मुलाची फाइल चाळायची नाही. ऐकायचं आणि एक खरा प्रश्न विचारायचा.

युनिट चालू असेल त्याप्रमाणे शनिवार-रविवार वापरा, आपलं शहर यासाठी उत्तम आहे आणि पैसे फार लागत नाहीत. वस्तू आणि माणसं कशी जगायची यासाठी राजा दिनकर केळकर म्युझियम, भाव कसा ठरतो यासाठी पहाटे मार्केट यार्ड किंवा महात्मा फुले मंडई, झाडं-पक्षी-दगड यासाठी वेताळ टेकडी. सोबत पोराचे तीन प्रश्न लिहून न्या, चार झाले तर छान, एकाचंही उत्तर मिळालं नाही तर पुढच्या शनिवारी परत. माहिती सांगत सुटू नका, आमचे हे गाइड झाले की लेक भेळेकडे बघायला लागते.

बजेटमध्ये बसत नसेल तर

जीव जाळू नका. मूल प्रश्नातून शिकतं ही कल्पना जिनिव्हाहून विमानाने आलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसोबत बिया, पानं, शिंपले घेऊन हेच केलं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून आहे, सेनापती बापट रोडला अक्षरनंदन आहे, मराठी माध्यमात, अनुभवातून शिकवणारी. विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी बनवून विज्ञान शिकवायचं जे काम केलं ते जगभर बघितलं जातं, आणि त्यांच्या साइटवर सगळं फुकट आहे, मराठीत सुद्धा. स्ट्रॉची पिपाणी, काड्यापेटीचे आकार, रविवारची दुपार त्यात जाते. स्टेट बोर्डाच्या शाळेत घालून घरी वर सांगितलेलं केलं तरी बरंच हाती लागतं, माझ्या जावेचा मुलगा आहे ना, महापालिकेच्या शाळेत, त्याची प्रश्नांची वही आमच्या लेकीपेक्षा जाड आहे.

आणि फॉर्म भरायचा ठरलाच तर मुलाच्या इंटरॅक्शनसाठी, म्हणजे प्रवेशाआधीच्या शाळेतल्या भेटीसाठी, त्याला काही पाठ करून घेऊ नका, रंग, आकार, "माय नेम इज" काही नाही. शाळावाले पोरं खेळताना कशी वागतात ते बघतात. आमची लेक त्या दिवशी अर्धा तास एकच झाकण उघडत-बंद करत बसली होती, आम्ही बाहेर काचेतून बघून कपाळाला हात लावला, तरी झालं. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो आठ तरी ठेवा, चार म्हणतात आणि ऐनवेळी सहा मागतात.